टेम्पोभर लाकूड

"काय वो पावणं, टेम्पोत काय आणलंसा?"

माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ बाळनाना मटणाच्या हंड्यापाशी उभे होते, तिथूनच ओरडले. अंगणात मांडव आणि मांडवात निम्मं गाव. त्या दिवशी गावदेवीची म्हाई होती. म्हाई म्हणजे घरोघरी मटण, घरोघरी पै-पाहुणे, आणि जावयाला तर हाताला धरून ओढून आणतात. मी आपणहून आलो होतो, बायकोला घेऊन, मुबारकभाईंच्या टेम्पोत पुढं बसून, मागं ताडपत्रीखाली लाकडं भरून.

आता खरं उत्तर द्यायचं तर ते असं होतं : नाना, सासऱ्यांच्या सरणासाठी लाकडं आणलीत.

सांगा बघू, हे वाक्य कुठल्या तोंडानं बोलायचं? सासरे समोर ओसरीवर बसलेले. चांगले धडधाकट, डोक्याला नवा फेटा, आल्यागेल्याच्या हातावर पान ठेवत होते. मी नुसता हसलो, बावळटासारखा.

वैजूनं, माझ्या बायकोनं, माझ्याकडं एकदाच बघितलं. मग गिटारची काळी पेटी उचलून ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि मला तिथं एकटं टाकलं.

हे सगळं गिटारपायी झालं होतं. मी इलेक्ट्रिक गिटार बनवतो, हातानं. मी मूळचा पुण्याचा, पण लग्नानंतर कोल्हापुरात आलो आणि उद्यमनगरात एक शेड घेतली. नवं लाकूड मी वापरत नाही. पडक्या थेटरातल्या खुर्च्या, मोडीत निघालेल्या बैलगाडीचं जू, तेलाच्या घाण्याची लाट, असलं काहीबाही आणायचं, चिरायचं, तासायचं आणि त्यातून गिटार काढायची. जुनं लाकूड वाळून वाळून शांत झालेलं असतं, पुन्हा वाकत नाही, फुगत नाही. लोक पार बंगळूरहून गिटार घ्यायला येतात.

त्या नादात मला एक खोड लागली. कुणाच्याही घरी गेलो की दार, पाट, पलंग, दिसेल त्यावर टकटक करायची आणि आवडलं की मागायचं. सरळ तोंड उघडून. "हे तुम्हाला लागतं का? नाहीतर मी नेतो." मित्र चेष्टेनं म्हणायचे, ह्याला आत घेऊ नका, दाराची चौकट काढून नेईल. मला त्यात फुशारकी वाटायची. लाज नावाची चीज मला तेव्हा ठाऊक नव्हती, असं वैजू म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही.

त्याच्या आधीच्या दिवाळीत मी एकटाच सासरी गेलो होतो. आजऱ्याच्या पुढं, आंबोलीच्या वाटेवर गाव आहे. तिकडं पाऊस असा की चार महिने भिंतींची ओल जात नाही. सकाळी परड्यात दात घासत फिरताना मला ती लाकडं दिसली. गोठ्यामागं एका छपराखाली नीट रचलेली, खाली दगड घालून जमिनीपासून उचललेली, वर पत्रा, पत्र्यावर प्लॅस्टिक. आंब्याचे जाडजूड ओंडके. सरपण इतकं जपून कुणी ठेवतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही. मी खिशातला चाकू काढून एका ओंडक्याची साल खरवडली. आत पिवळट लाकडावर काळ्या रेघा, कुणी बोरूनं ओढाव्यात तशा. आंब्याला कधी कधी बुरशी लागते आणि लाकूड वाळलं की ती आपोआप थांबते, तेव्हा असल्या रेघा उमटतात. हजारांत एखादं झाड असं निघतं. मी तोंड धुवायचंसुद्धा विसरलो.

चहाच्या वेळी मी विषय काढला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. तिकडची तशीच पद्धत आहे.

"मामा, मागं आंब्याचं लाकूड आहे ना, ते नेऊ का मी? गिटार फार सुंदर होईल."

मामा बशीतला चहा फुंकत होते. फुंकायचे थांबले. मामी चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या. माझा मेहुणा धैर्यशील खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"न्ह्या की," मामा म्हणाले. "तुमास्नी न्हाई कोण म्हणणार?"

मामी आत गेल्या. धैर्यशीलनं लाकडं ट्रॅक्टरवर चढवून दिली, एक शब्द न बोलता. मला वाटलं, झोप झाली नसेल पोराची.

मग मी ते ओंडके गिरणीत चिरून घेतले. निम्मे आतून किडलेले निघाले, ते गिरणीवाल्यानंच जाळायला नेले. काही फळ्या चिरल्या, तडकल्या, कामातून गेल्या; त्यांचे तुकडे मित्र आले की मागच्या बाजूला शेकोटीत गेले. त्यावर आम्ही कणसं भाजली. धडाची म्हणावी अशी फळ्यांची एकच जोडी हाती लागली आणि तिच्यातून एकच गिटार झाली. पण काय झाली होती! मी स्वतःच्याच कामाकडं बघत तासन् तास बसायचो.

एप्रिलमध्ये धैर्यशील काही कामानं कोल्हापुरात आला आणि शेडवर डोकावला. गिटार टांगलेली होती. तिच्यावर हात फिरवत तो म्हणाला, "दाजी, हे सरणाचं लाकूड न्हवं?" आणि लगेच त्यानं जीभ चावली.

"कसलं?"

"काय न्हाई. चलतो मी, एस्टी हाय."

मी त्याला दारात अडवलं. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. पावसाळ्यात माणूस गेलं तर तिकडं वाळलेलं लाकूड मिळत नाही. ओल्या लाकडावर रॉकेल ओता, टायर घाला, माणसाचे हाल होतात, आणि घरच्यांना ते उभं राहून बघावं लागतं. म्हणून म्हातारी माणसं आपापलं लाकूड आधीच रचून ठेवतात. तेवढं तरी आपलं नीट व्हावं म्हणून. "तुमी मागिटलंसा. जावयाला न्हाई कसं म्हणायचं? पर तुमी आबांस्नी काय बोलू नगा," म्हणाला आणि गेला. मामांना तो आबा म्हणतो.

मी तिथंच स्टुलावर बसलो. सासऱ्याच्या सरणावर मी कणसं भाजली होती.

संध्याकाळी वैजूला सांगितलं. ते झाड आमच्या लग्नानंतर पडलेलं, तिलाही ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मागं द्यायचं."

"कसं देऊ? गिटार झाली त्याची."

"दुसरं घेऊन दे."

"अगं, पण सासऱ्याच्या दारात जाऊन सरणाची लाकडं उतरवू? मामा, ही घ्या, तुमची तयारी? लोक काय म्हणतील? जावयाला घाई झाली!"

"मागताना विचार केला होतास?" ती म्हणाली. "आणि ती गिटारपण घेऊन चल. त्यांच्या लाकडाची आहे, त्यांना दिसू तरी दे."

म्हणून मी वखारीतून टेम्पोभर लाकूड घेतलं. म्हाईच्या गडबडीत कोण बघतंय, मागच्या बाजूनं परड्यात नेऊन टाकू, छपराखाली रचू आणि जेवायला बसू, असा माझा बेत. परड्याकडं जायच्या वाटेवर त्या दिवशी मांडव घातलेला असेल, हे कुणाच्या डोक्यात येतं?

आता बाळनानांनी ताडपत्री उचलूनसुद्धा बघितली होती.

"आरं लाकडं! पावणं म्हणजे पावणं! सकाळपास्नं वल्या लाकडाच्या धुरानं डोळं फुटायची येळ आली माझी. लई बेस केलंसा! ए पोरांनो, या रं, उतरा!"

"नाना, थांबा जरा," मी म्हणालो.

"का वो?"

काय सांगणार? मी पुन्हा हसलो. नानांना वाटलं मी भिडेनं नको म्हणतोय. चार गडी आले, धडाधड लाकडं अंगणात पडली, कुणीतरी कुऱ्हाड आणली. "बगा, ह्याला म्हणत्यात जावई! बाकीचं जावई नुसतं खायाला येत्यात!" मांडवातले दुसरे दोन जावई माझ्याकडं खाऊ की गिळू असं बघत होते. अंगणभर माझं कौतुक चाललेलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं.

मी ओसरीवर धावलो. "मामा, जरा इकडं येता? गोठ्याकडं."

मामा उठून आले. गोठ्याच्या आडोशाला जाताच मी त्यांचे पाय धरले.

"आरं आरं, उठा, जावयानं पाय धरत्यात व्हय?"

"मामा, मला माहीत नव्हतं हो. तुमच्यासाठी ठेवलेलं लाकूड मी मागून नेलं. धैर्यशीलवर रागावू नका, मीच त्याला बोलायला लावलं. मी दुसरं आणलंय, पण नाना ते हंड्याखाली घालायला निघालेत."

मामांनी मला उभं केलं. माझ्याकडं न बघता ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"माझं न्हवतं ते," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी हनुवटीनं स्वयंपाकघराकडं दाखवलं.

"तिचं. उकिरड्यावर उगावला हुता तो आंबा. आमी सगळं म्हणायचो, उपटून टाक, आंबटढाण हाय, उगच सावली धरतंय. तिनं खरकटं पाणी घालून वाढीवला. मग वादळात पडला, तवा ती म्हणाली, एवढं लाकूड मला ठिवा. लगीन झाल्यापास्नं तिनं माझ्याकडं दुसरं कायबी मागिटलं न्हाई. रान माझ्या नावावर, घर माझ्या नावावर, म्हशीसुदिक माझ्या. तेवढं लाकूड तिचं."

"आणि तुम्ही मला..."

"तुमी चार माणसांत मागिटलंसा. मी न्ह्या म्हटलं. तिला इचारायचं ध्यानातच आलं न्हाई माझ्या." त्यांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला. "ध्यानात आलं हुतं. पर इचारलं न्हाई."

"मग मामी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? त्या दिशी जेवली न्हाई. दुसऱ्या दिशी जेवली."

आम्ही दोघं तिथं शेणात उभे राहिलो. त्यांनाही माझ्याकडं बघवेना, मलाही त्यांच्याकडं. मी त्या दिवाळीत दोन दिवस राहिलो होतो. मामींनी मला चकल्या बांधून दिल्या होत्या, आणि निघताना मी मामांचे आभार मानले होते. मामींना काय म्हणालो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. काहीच म्हणालो नव्हतो.

अंगणातून कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला आणि पाठोपाठ मामींचा आवाज.

"नाना, कुऱ्हाड ठिवा."

आम्ही पळतच आलो. मामी स्वयंपाकघराच्या पायरीवर उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत मसाल्यानं माखलेले. मागं वैजू, डोळे पुसत, हातात गिटारची पेटी. आत काय बोलणं झालं ते मला विचारायची गरज नव्हती. मामींनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्या लाकडांपाशी आल्या. मामी चारचौघांत कधी बोलत नसत.

"कुठनं आणलंसा?"

"वखारीतून, मामी. चांगलं वाळलेलं आहे."

"झाड कसलं?"

मला माहीत नव्हतं. लाकडात जन्म काढणारा माणूस मी, आणि सरणाचं म्हटल्यावर मी कसलं लाकूड ते विचारलंसुद्धा नव्हतं.

"निलगिरी हाय, मावशी," मुबारकभाई टेम्पोवरून म्हणाले. "थोडी बाभळ मिक्स हाय."

"बरं," मामी म्हणाल्या. "आन माझं?"

वैजूनं पेटी ओसरीवर ठेवली. मी ती उघडली. मामींनी वाकून बघितलं. मग हळूच काळ्या रेघांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे माझं?"

"हो."

"येवढंच?"

ह्या एका शब्दानं माझी उरलीसुरली रया गेली. "एवढंच राहिलं, मामी," मी म्हणालो. "चुकलं माझं. तुमचं होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही."

त्यांनी मान हलवली. मग बोटाच्या पेरानं गिटारवर टकटक केलं, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "जळंल का हे?"

तेव्हा कुठं लोकांच्या डोक्यात उजेड पडला. बाळनाना हातातल्या कुऱ्हाडीकडं बघत "आयला" म्हणाले आणि लाकडांपासून दोन पावलं मागं सरकले. मांडवातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"जळेल," मी म्हणालो. "तारा काढाव्या लागतील. ह्या खुंट्या, हे लोखंड, ही चुंबकं, तेवढं काढलं की बाकी सगळं लाकूडच आहे. वर पॉलिश आहे, त्यानं जरा लवकर पेटेल." गिऱ्हाइकाला सांगावं तसा मी सांगत सुटलो होतो. थांबता येईना. शेवटी वैजूनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"मग झालं," मामी म्हणाल्या. "लई न्हाई, पर उराव ठिवाया येवढं पुरंल. तुमच्यापाशीच राहू द्या. हितं घुशी लागतील. वाजवा, कुणाला वाजवाया द्या, पर इकू नगा. येळ आली की तेवढं लोखंड काढून घिऊन या."

"आणीन."

"सोताच्या हातानं."

"हो, मामी."

त्यांनी पेटी बंद केली आणि लाकडांकडं वळल्या. "नाना, आता घाला हंड्याखाली. मटान कच्चं हाय अजून."

नाना जागचे हलेनात. "वैनी, ही लाकडं? आन चुलीत?"

"निलगिरीच हाय न्हवं? घाला."

तेवढ्यात मामा मागून हळूच म्हणाले, "थोडी ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठनं."

मामींनी त्यांच्याकडं वळून बघितलं. "व्हय, ठिवा थोडी. ह्यास्नी निलगिरी चालंल."

अख्खा मांडव हसला. बाळनाना तर गुडघ्यावर हात ठेवून हसले. मामाही हसले, पण फेट्याचा शेमला उगाच नीट करत करत. मला हसू आलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा जावयांच्या पंगतीत मला मधोमध बसवलं. मटण मऊ शिजलं होतं, सगळे वाहवा करत होते. मामी स्वतः वाढायला आल्या. माझ्या ताटात त्यांनी आधी नळी वाढली, मग आणखी दोन मोठे तुकडे, वर तांबड्या रश्श्याची वाटी.

"खावा की," त्या म्हणाल्या. "लागंल ते मागून घ्या. मागाय तुमी लाजत न्हाईसा."

दुसऱ्या कुणाला काही कळलं नाही. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच, मऊ होता. माझे कान असे तापले की मी वर बघितलंच नाही. ताटातलं सगळं संपवलं, हाड न् हाड, कारण उष्टं टाकायचीसुद्धा मला त्या दिवशी हिंमत नव्हती.

निघताना मामी टेम्पोपर्यंत आल्या. वैजूच्या ओटीत नारळ घातला, तांदळाचं गाठोडं दिलं. गिटारची पेटी मुबारकभाई मागं टाकणार होते, मामींनी ती काढून माझ्या मांडीवर ठेवली. टेम्पो सुरू झाला तसा त्यांनी खिडकीतून आत हात घालून माझं मनगट धरलं.

"आन जावईबापू, पाऊसकाळात लांब कुठं जाऊ नगासा."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. त्या गिटारला पुष्कळांनी मागणी घातली, मागाल ते देतो म्हणाले. ती माझी नाही, एवढंच मी सांगतो. मामी अजून आहेत, हात टेकत परड्यापर्यंत जातात. मला बाहेरगावची बोलावणी येतात, मुंबईला, गोव्याला, एकदा तर परदेशातून आलं होतं, तिकीट धाडतो म्हणाले. मी आधी महिना विचारतो. जून लागला की गिटारचे स्क्रू पटकन निघतात का बघून ठेवतो, आणि दसऱ्यापर्यंत कोल्हापूर सोडत नाही.